नऊ नंबरचा प्रश्न

"नऊ नंबरचा प्रश्न किती वाजता येते, मॅडम?"

नागपूरला विधानभवनाच्या फाटकाशी बायकांच्या तपासणीची रांग होती. माझ्या पुढं उभ्या असलेल्या बाईनं मागं वळून हे विचारलं. डिसेंबरची सकाळ, दहाचा सुमार. रांगेत पन्नास तरी बायका असतील. त्यांतल्या एकीला नेमका नऊ नंबरच हवा होता आणि तिला विचारायला मीच सापडले होते.

"कुठल्या खात्याचा?" मी विचारलं. वेळ काढायला काहीतरी विचारायचं, म्हणून.

"आरोग्याचा जी. भुरकीटोल्याच्या दवाखान्याचा. सर्पदंशाच्या लसीचा."

आता मी कोण ते सांगते, म्हणजे माझी काय अवस्था झाली ते कळेल. मी विजया ठोंबरे. तेव्हा मंत्रालयात आरोग्य विभागात सहायक होते. हिवाळ्यात अधिवेशन नागपूरला भरतं, तेव्हा पेट्यांत फायली भरून आमचं अख्खं बिऱ्हाड मुंबईहून तिकडं हलायचं. आमदारांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तयार करणं हे माझ्या टेबलाचं काम. नऊ नंबरचं उत्तर माझ्याच हातचं होतं, आणि ते खोटं होतं.

मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं हो. निदान सुरुवातीला तरी नाही. प्रश्न आला की आम्ही तो जिल्ह्याला पाठवायचो. तिथून माहिती आली की उत्तर लिहायचं, मग उपसचिवांची सही, मंत्र्यांची सही, आणि छापखाना. छापायला द्यायची तारीख ठरलेली असते, ती कुणासाठी थांबत नाही. भुरकीटोल्याची माहिती बुधवारपर्यंत आलीच नाही. आमचे उपसचिव गव्हाणकर साहेब म्हणाले, "मार्चमध्ये याच केंद्रावर प्रश्न होता ना, बाई? तेव्हाचं उत्तर काढा की." आम्ही सगळेच तसं करायचो. जुनं उत्तर काढायचं, तारीख बदलायची, वर नवा क्रमांक घालायचा. मार्चमध्ये तिथं खरंच लस होती. मी तेच उत्तर उचललं. 'हे खरे नाही. केंद्रात सर्पदंशावरील लसीचा पुरेसा साठा उपलब्ध आहे.' कुणी वाचलं की नाही देव जाणे, पण सह्या झाल्या आणि छापायलाही गेलं.

गुरुवारी दुपारी जिल्ह्याचा फॅक्स आला. केंद्रात ऑगस्टपासून लसीची एकही कुपी नाही. साप चावलेले दोन रुग्ण दगावले. केंद्राच्या परिचारिका श्रीमती इंदिरा सिडाम यांनी तीन वेळा लेखी मागणी केली, पुरवठा झाला नाही.

तेव्हाच उठून साहेबांच्या खोलीत जायला हवं होतं. पाय उचलले नाहीत. बढती होऊन मला सहाच महिने झाले होते, अजून कायमही केलं नव्हतं. आमच्या ह्यांची गिरणी बंद पडून तीन वर्षं झाली होती, दोन मुली शाळेत. मंत्र्यांच्या सहीचं उत्तर खोटं निघालं की कुणीतरी निलंबित होतं, आणि ते सही करणाऱ्यांपैकी कधीच नसतं, हे मी पंधरा वर्षं बघत आले होते. मी तो फॅक्स चार घड्या घालून पर्समध्ये टाकला. आवक नोंदवहीतसुद्धा चढवला नाही. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार तो तिथंच होता. आणि आज मंगळवार, प्रश्नाचा दिवस.

मला एकच आशा होती. प्रश्नोत्तरांना तास मिळतो एकच, अकरा ते बारा. त्यात सहा होतात, फार तर सात. उरलेल्यांची छापील उत्तरं नुसती पटलावर ठेवली असं धरतात आणि विषय संपतो. न आलेला प्रश्न पुन्हा कुणी उकरून काढत नाही. आमचा नववा होता.

"तुम्ही तिथल्याच का?" मी त्या बाईला विचारलं. मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

"मी तिथली सिस्टर. इंदिरा सिडाम."

पर्स मी काखेत इतकी दाबली की तिची कडी मला टोचली. बाई चाळिशीची असेल. अंगानं किरकोळ, इस्त्रीची पांढरी साडी, वर मरून रंगाचा स्वेटर, पायात कापडी बूट. पहाटे चारची गाडी धरून आली होती. रजेचा अर्ज टाकून आली होती, तो मंजूर झाला की नाही हेही तिला ठाऊक नव्हतं.

"आमदारसाहेबांनी पास देल्ला," ती म्हणाली. "कुळमेथेसाहेबांनी. ते म्हनाले, मंत्री सभागृहात 'देतो' म्हनाले का मग त्याईले द्यावंच लागते. ते लेखी होते. खरं हाये का जी?"

"हो, खरं आहे," मी म्हटलं. ते मात्र खरंच होतं. सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करायला एक समितीच असते, ती खात्याच्या मानेवर बसते.

"मग झालं तर. आता धानाची चुरणी, म्हनजे मळणी, चालू हाये, मॅडम. कापलेलं धान पुंजणं लावून ठेवतात, हा येवढा ढीग. पेंड्या ओढाले पोरंपोरी जातात. थंडीचे साप आत बसून राहतात, हात घातला का..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. "दोन गेले. तिसरा आला तर मी काय करू? सलाईन लावून जीपची वाट पाहू? साठ किलोमीटर हाये जिल्ह्याचा दवाखाना."

मी रांगेत पुढं सरकले.

"तुम्ही कोनत्या खात्यात, मॅडम?"

"मत्स्यव्यवसाय," मी म्हटलं. देवाशप्पथ सांगते, ते माझ्या तोंडून कसं आलं मला आजही कळत नाही.

"मासोळीचं खातं!" ती हसली. "बरं हाये तुमचं. मासोळी तक्रार नाई करत."

तपासणीवाल्या पोलीस बाईनं माझी पर्स उघडली, रुमाल, चष्मा, डबा, सगळं चाचपलं, आणि त्या चार घड्यांवर तिचा हात एकदा फिरला. मला घाम फुटला. तिला काय करायचं होतं त्या कागदाचं, पण माझी अक्कलच बंद पडली होती.

"येईल ना नऊ नंबर?" आत शिरताना इंदिराबाईनं विचारलं.

"येईल की," मी म्हटलं. दोन मिनिटांत दुसरं खोटं.

अधिकाऱ्यांची बसायची जागा मंत्र्यांच्या मागल्या बाजूला, वर. तिथला रिवाज असा. आमदारानं उपप्रश्न टाकला आणि मंत्र्याला उत्तर सुचलं नाही की तो मान वळवून आमच्याकडं बघतो. मग आम्ही पटकन चिठ्ठी लिहून शिपायाबरोबर खाली पाठवायची. चिठ्ठी पोचेपर्यंत मंत्री 'माननीय सदस्यांनी अत्यंत महत्त्वाचा प्रश्न उपस्थित केला आहे' वगैरे बोलत राहतो. पुढच्या बाकावर गव्हाणकर साहेब, मागच्यावर फायली मांडीवर घेऊन मी.

"नऊ नंबर ना? अहो, सातच्या पुढं गाडी जातच नाही," साहेब मागं वळून म्हणाले. "तुमचा चेहरा असा का? रात्री झोपला नाहीत?"

"थंडी बाधली, साहेब."

"मग स्वेटर घालत जा. ही काय मुंबई आहे?"

माणूस वाईट नव्हता हो. पेन्शनला दोन वर्षं उरली होती आणि ती त्यांना बिनघोर काढायची होती, एवढंच.

अकराला सुरुवात झाली. पहिला प्रश्न कापसाचा. त्यावर तुटून पडले सगळे. एकामागून एक उपप्रश्न, वीस मिनिटं तोच चालला. मी मनातल्या मनात त्या आमदारांना दुवा देत होते. बोला, बाबांनो, आणखी बोला. दुसरा धरणाचा, बारा मिनिटं. अकरा बत्तीसला दोन संपले. माझा श्वास जरा खाली आला. मी मान वर केली, तर समोरच्या प्रेक्षक सज्जात पहिल्याच रांगेत ती पांढरी साडी. दोन्ही हात कठड्यावर ठेवून, पुढं वाकून बसली होती, आणि बघत होती भिंतीवरच्या घड्याळाकडं.

तिसऱ्याला सहा मिनिटं लागली. मग जे झालं ते नागपुरातच होऊ शकतं. अधिवेशनाला रोज मोर्चे येतात. त्या दिवशी एक मोठा मोर्चा रस्त्यात अडवला होता आणि काही आमदार त्याला सामोरे गेले होते. अध्यक्षांनी चौथा प्रश्न पुकारला, सदस्य गैरहजर. पाचवा पुकारला, तोही मोर्चात. सहावा, गैरहजर. एका मिनिटात तीन प्रश्न गेले. अकरा एकोणचाळीसला सातवा उभा राहिला.

"च्यायला," गव्हाणकर साहेब पुटपुटले. मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "बाई, नऊची फाईल वर घ्या. आज साठा किती आहे तिथं? आकडा काढून ठेवा. कुळमेथे आकडा विचारणार."

"आकडा..." मी म्हटलं.

"जिल्ह्याकडून आला असेल ना नंतर?"

त्या क्षणी सांगता आलं असतं. पर्स मांडीवरच होती. मी फाईल उघडली, पानं उलटली, पालटली. "बघते, साहेब." पानं एकमेकांना चिकटताहेत असं नाटक करत राहिले.

सातवा शाळाखोल्यांचा होता, तो दहा मिनिटं पुरला. अकरा एकोणपन्नास. आठवा रस्त्यांचा. त्या खात्याचे मंत्री म्हणजे नुसती वाहती गंगा. एका रस्त्याचं विचारलं की तालुक्याचे सगळे रस्ते सांगायचे. एरवी त्यांच्या भाषणाला आम्ही जांभया द्यायचो, त्या दिवशी मला ते देवासारखे वाटले. पन्नास. एक्कावन्न. मी देवीला नवस बोलले. साडीचोळीचा बोलले, मग वाटलं कमी पडेल, म्हणून पायी येईन असंही कबूल केलं. समोर इंदिराबाईचे ओठ हलत होते. तीही काहीतरी मागत असणार. मला काटा पळायला हवा होता, तिला तो थांबायला हवा होता, आणि देव आम्ही दोघींनी मिळून एकाच वेळी गाठला होता.

अकरा सत्तावन्नला आठवा संपला.

"प्रश्न क्रमांक नऊ," अध्यक्ष म्हणाले.

कुळमेथे उठले. जाडजूड, सावळे, अंगात बंडी. हातात छापील उत्तरांची पुस्तिका. आमचे मंत्री उभे राहिले आणि उभं राहता राहताच त्यांनी मान वळवून वर बघितलं. साहेबांनी माझ्याकडं. माझ्याकडून पुढं बघायला कुणी नव्हतं.

"अध्यक्ष महोदय," कुळमेथे म्हणाले, "या छापील उत्तरात..."

तेवढ्यात मोर्चाकडं गेलेले आमदार घोषणा देत आत आले. लाठीमार झाला होता म्हणे. एकाच्या कपाळाला पट्टी होती. तिकडून आरडाओरडा, इकडून आरडाओरडा. अध्यक्ष दोन वेळा उठले, दोन वेळा बसले. कुळमेथे तोंड उघडं ठेवून उभेच. गोंधळ जरा ओसरला तेव्हा काटा बारावर चढला होता.

"प्रश्नोत्तरांचा तास संपला आहे. उर्वरित प्रश्नांची उत्तरं पटलावर ठेवली असं मानण्यात येत आहे."

माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं आनंदानं. पदर तोंडाला लावून मी खोकल्यासारखं केलं.

"म्हटलं नव्हतं मी?" साहेबांनी रुमालानं मान पुसली. "चला. तो विषय संपला. चहा घ्या, बाई, आणि डबा खा. रंग बघा तुमचा."

सुटले होते मी. कुणी विचारणार नव्हतं, कुणाला कधी कळणार नव्हतं. फॅक्स नागपूरच्या खोलीवर जाळून टाकायचा की मुंबईला गेल्यावर, एवढंच ठरवायचं राहिलं होतं. मी जिना उतरून खाली व्हरांड्यात आले, तर खांबाला टेकून इंदिराबाई उभी होती. हातात ती छापील पुस्तिका होती. मी वळून दुसरीकडं जाणार तेवढ्यात तिनं मला बघितलं.

"मासोळीवाल्या मॅडम," तिनं हाक मारली. सकाळचं हसू नव्हतं. "जरा हे वाचून सांगता का? मले वाचता येते, पन समजत नाई."

मी थांबले. तिनं पान उघडून बोट ठेवलं. माझं वाक्य माझ्यासमोर आलं.

"पुढच्या अधिवेशनात पाहू म्हनले आमदारसाहेब. मार्चात. ते जाऊ द्या. पन हे पाहा. 'पुरेसा साठा उपलब्ध आहे.' हे सरकारनं लिहून देल्लं, नाई का? मंत्र्याच्या सहीनं?"

"हो."

"म्हनजे लस होती."

मी पुस्तिका मिटायला हात पुढं केला, तिनं बोट काढलं नाही.

"म्हनजे लस होती, अन् मी देल्ली नाई. असंच होते नं याचं?" ती माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी लगेच ओळखलं, कारण पाच दिवस मी ते आरशात बघत होते. "जो पोरगा गेला, झुरू नाव त्याचं, तो माह्या मांडीवर गेला. त्याचा बाप कुऱ्हाड घेऊन दवाखान्यात आल्ता. मी त्याले रिकामी पेटी दाखवली, मागणीची पत्रं दाखवली. म्हनून तो बसला, रडला, अन् गेला. आता हे पुस्तक त्याच्या हाती पडलं तर? गावात कोनी वाचून दाखवलं तर? मी काय दाखवू, मॅडम? माही पत्रं मोठी का मंत्र्याची सही मोठी?"

मी तिला म्हटलं, "इथंच थांबा. मी आलेच."

बायकांच्या संडासात जाऊन मी कडी लावली. फॅक्स बाहेर काढला. तो परत ठेवायचा, मागच्या दारानं निघून जायचं आणि दिवसभर खोलीवर पडून राहायचं, हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं. उगाच शूरपणाच्या गोष्टी सांगणार नाही. मला मुलींचे चेहरे दिसत होते, आणि अधूनमधून कुऱ्हाडवाला तो बापही, ज्याला मी कधी बघितलंही नव्हतं.

मग माझं लक्ष कागदाच्या वरच्या कडेकडं गेलं. फॅक्सच्या माथ्यावर यंत्र आपोआप एक बारीक ओळ छापतं. कुठून आला, किती वाजता, कोणत्या तारखेला. गुरुवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. खाली पत्राला तारीख होती ती बुधवारची, पण पत्र लिहिलं कधी आणि पाठवलं कधी यात सरकारी कामात आठवडाही जातो, त्यावरून कुणाला काही कळलं नसतं. मी ती वरची पट्टी नीट घडी घालून फाडली, तुकडे करून पाण्यात सोडले आणि साखळी ओढली.

बाहेर आले तेव्हा ती खांबापाशीच होती.

"मी मत्स्यव्यवसायाची नाही," मी म्हटलं. "आरोग्याची आहे. ते उत्तर मी लिहिलंय."

तिनं पुस्तिका मिटून काखेत धरली. मला वाटलं, आता थोबाडीत देणार. दिली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही?"

"मार्चचं उत्तर होतं. तेच परत छापलं. तुमच्या जिल्ह्याचं खरं पत्र हे." मी कागद पुढं केला. "यात तुमचं नाव आहे. तीन वेळा मागणी केली, असं लिहिलंय."

तिनं तो उभ्या उभ्या वाचला. एका ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचला. मग पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "हा कागद कधी आला, मॅडम?"

"आज सकाळी," मी म्हटलं.

कुळमेथे उपाहारगृहात भाकरीचा तुकडा मोडत होते. त्यांनी कागद वाचला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा वाचला. "बाई, तुमचं नाव यात येणार. कळतंय ना?" मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, कामकाज सुरू होताच त्यांनी मुद्दा उपस्थित केला. मंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली, लस आजच्या आज रवाना करतो असा शब्द दिला आणि संबंधित सहायकाला निलंबित केल्याचं जाहीर केलं. बाकं वाजली म्हणे. मी तेव्हा बाहेर चहाच्या टपरीवर होते. गव्हाणकर साहेब स्वतः चालत आले सांगायला. रागावले नव्हते, नुसते गोंधळले होते.

"अहो, प्रश्न आलाच नव्हता," ते पुनःपुन्हा म्हणत होते. "आलाच नव्हता हो, बाई."

मी मुंबईला परतले. ह्यांना सगळं सांगितलं, म्हणजे इंदिराबाईला सांगितलं होतं तेवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका दुकानात हिशेबनीस म्हणून काम धरलं. ज्या गोष्टीला मी इतकी भ्याले होते, ती आठ महिने घरात राहिली आणि गेली. निलंबन उठलं, एक वेतनवाढ कापली गेली, मी कामावर परत आले. मुली उपाशी राहिल्या नाहीत.

पत्र मात्र त्याआधी आलं. जानेवारीत, निळं अंतर्देशीय. अक्षर सुवाच्य, शाळेतल्यासारखं. ह्यांनी फोडलं आणि मुलींना जवळ बसवून मोठ्यानं वाचायला लागले.

'सौ. ठोंबरे मॅडम यांस इंदिरा सिडामचा नमस्कार. लस गुरुवारी दुपारी जीपने आली. चाळीस कुप्या. त्यानंतर तीन पेशंट आले, तिन्ही वाचले. झुरूच्या बापाला मी जिल्ह्याचं पत्र वाचून दाखवलं. एक वाईट झालं ते कळवते. बुधवारी सकाळी मंगली नावाची मुलगी पुंजण्यातून पेंडी ओढायला गेली, तिला मण्यार चावला. अकरा वर्षांची होती. लस एक दिवस आधी आली असती तर वाचली असती. पण त्याला कोणाचा इलाज नाही. तुमच्याकडे कागद सकाळी आला आणि दुपारी तुम्ही तो माझ्या हातात दिला. नोकरीची पर्वा केली नाही, एक दिवससुद्धा थांबला नाही. मी हे इथे सर्वांना सांगते.'

धाकटी म्हणाली, "अकरा वर्षांची? म्हणजे माझ्याएवढी." हे उठले आणि ते पत्र नेऊन त्यांनी देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या मागं उभं करून ठेवलं.

"राहू दे तिथं," ते म्हणाले. "मुलींना कळू दे आई कशी आहे."

आमचे हे जाऊन आता नऊ वर्षं झाली. मुली आपापल्या घरी आहेत, नातवंडं आली की त्यांना ती गोष्ट सांगतात, आणि मी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढते. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. जीपला तिथं पोचायला एक दिवस लागला होता. पत्र अजून देव्हाऱ्यातच आहे. रोज संध्याकाळी मी त्याच्यापुढं दिवा लावते, कारण ते तिथून का काढलं असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, याची मला भीती वाटते.